दफ्तराबाहेरचे अस्वल

वऱ्हाडचा मुलूख १८५३ च्या तहान्वये निजामाकडून इंग्रज सरकारच्या अंमलाखाली आला, आणि त्यानंतर या प्रांतातील गावे, विहिरी, नांगर, गुरे, कपाशीखालचे क्षेत्र आणि जमाबंदीचे रुपये यांची जी अखंड मोजदाद सुरू झाली, तिच्या ओघात रानातील श्वापदांनाही सरकारी दफ्तरात एक रकाना मिळाला. तो रकाना हानीचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पावशतकात वन्य पशूंनी आणि सर्पदंशाने मेलेल्या माणसांचे वार्षिक तक्ते सिद्ध करण्याची पद्धत हिंदुस्थान सरकारने पाडली. त्या तक्त्यांत वाघ, बिबळ्या, लांडगा आणि तरस यांच्या पंक्तीला अस्वलही बसविलेले आढळते. एका बाजूस त्याने मारलेली माणसे, दुसऱ्या बाजूस माणसांनी मारलेली अस्वले आणि त्यांबद्दल दिलेले इनाम. ते संध्याकाळी कोणत्या ओहोळाने खाली उतरते, कोणत्या महिन्यात कशावर जगते, पिल्ले केव्हा उघड्यावर आणते आणि माणसाची चाहूल लागूनही कधी कधी वाट का सोडीत नाही, यांतील एकही गोष्ट त्या तक्त्यांना विचारावीशी वाटली नाही. ही माहिती होती ती मोहफुले वेचणाऱ्या गोंड आणि कोलाम स्त्रियांजवळ, गुराख्यांजवळ आणि रात्री मचाणावर ज्वारी राखणाऱ्या शेतकऱ्यांजवळ. यवतमाळ जिल्ह्यातील अस्वलाचा इतिहास हा या दोन ज्ञानांचा इतिहास आहे. एक कागदावरचे, दुसरे पायवाटेवरचे. आणि त्यांची गाठ कधी न पडल्यामुळे जे घडले, त्याची किंमत अस्वल आणि माणूस दोघांनीही मोजली.

प्रथम भूमीचा विचार केला पाहिजे. आजचा यवतमाळ जिल्हा पूर्वी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ साली पुसद तालुका त्यास जोडला गेला आणि जिल्ह्याने आपल्या मुख्य ठाण्याचे नाव धारण केले. पूर्वेस वर्धा आणि दक्षिणेस पैनगंगा या नद्यांनी सीमा आखलेल्या या प्रदेशात अजिंठ्याच्या डोंगररांगेचे पूर्वेकडील फाटे शिरलेले आहेत. अरुणावती, अडाण, पूस यांसारख्या नद्यांच्या काठी काळ्या कसदार जमिनीचे पट्टे, आणि त्यांच्या मधोमध मुरमाड माळ, कातळाच्या कपारी व सागाने आच्छादलेले उतार अशी त्याची रचना आहे. सागाच्या सोबतीला धावडा, सालई, पळस, मोह, टेंभुर्णी, चारोळी, बहावा, बोर आणि ओहोळाकाठी उंबर व जांभूळ. वनस्पतींची ही यादी वाचताना वनशास्त्रज्ञाला इमारती लाकूड दिसेल. परंतु अस्वलाच्या दृष्टीने पाहिले तर ती बारा महिन्यांची शिधासामग्री आहे, आणि कपारी ही त्याची घरे आहेत.

या रानाचा संकोच कसा झाला, याचे उत्तर जिल्ह्याच्या महसुली इतिहासातच मिळते. अठराव्या शतकाच्या अखेरच्या आणि एकोणिसाव्याच्या आरंभीच्या धामधुमीत या बाजूची अनेक गावे ओस पडली होती आणि त्यांच्या शिवारांत झुडपे माजली होती. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला, वऱ्हाडच्या कपाशीला सोन्याचे मोल आले आणि १८६७ मध्ये लोहमार्ग नागपुरास पोहोचला. अशा वेळी पडीत जमीन पडीत ठेवणे कोणत्या सरकारला परवडेल? १८६५ च्या नियमांन्वये ओसाड गावेच्या गावे मुदतीच्या इजाऱ्याने लावून देण्यात आली. इजारदाराने झाडी तोडावी, कुळे आणून वसवावी आणि जमीन लागवडीस आणावी, असा तो व्यवहार होता. ज्यांच्या नावाला आजही ‘इजारा’ हे पद चिकटलेले आहे अशी गावे या जिल्ह्यात भेटतात, ती त्या व्यवहाराची हयात साक्ष होय. उरलेल्या डोंगराळ भागावर सरकारने राखीव जंगलाच्या हद्दी घातल्या, चराईवर आणि लाकूडफाट्यावर निर्बंध बसविले. याप्रमाणे अवघ्या दोन पिढ्यांत अस्वलाच्या मुलखाची वाटणी झाली: सपाटीवरची काळी जमीन कपाशीला, डोंगरावरचे साग सरकारला, आणि या दोहोंच्या सीमेवरचे मोह, बोरी व वारुळे मात्र कोणाच्याही स्वतंत्र खात्यावर नाहीत. अस्वलाचा आणि गरीब माणसाचा प्रपंच नेमका त्या सीमेवरच चालत होता.

आता या प्राण्याची दिनचर्या पाहू. सूर्य मावळतीला टेकला की ते कपारीतून अथवा घाणेरीच्या दाट जाळीतून बाहेर पडते, रात्रीचा बराचसा काळ अन्न शोधण्यात घालविते आणि ऊन तापण्यापूर्वी पुन्हा सावलीत परतते. उन्हाळ्यात ही वेळ अधिक काटेकोर असते, ढगाळ पावसाळी दिवसांत ती सैल होते. पिल्ले असलेली मादी पुष्कळदा या नियमाला अपवाद करून दिवसाउजेडी चरते, कारण रात्री वाघ-बिबळ्यांची आणि इतर अस्वलांचीही धास्ती असते. त्याचे मुख्य अन्न वाळवी आणि मुंग्या हे असून त्याची देहरचना त्या एका उद्योगासाठीच घडविल्यासारखी आहे. वरच्या जबड्यातील पुढचे मधले दोन दात मुळातच नसतात, त्यामुळे तोंडाच्या अग्रभागी एक फट राहते. ओठ लांब आणि लवचीक असतात. नाकपुड्या इच्छेनुसार मिटता येतात. तीन इंचांच्या आसपास लांबीच्या वाकड्या नखांनी ते वारूळ फोडते, फुंकर मारून माती उडविते, आणि मग नाकपुड्या मिटून, ओठांची नळी करून वाळवी शोषून घेऊ लागते. हा आवाज शांत रानात शंभर मीटरांच्याही पलीकडे ऐकू येतो. या कामात मग्न असलेल्या अस्वलाला दुसरे काही ऐकू येत नाही, आणि त्याची दृष्टी तर मुळातच अधू. म्हणून अशा वेळी वाऱ्याच्या उलट दिशेने माणूस जवळ येऊन ठेपला तर दोघांची भेट दोन-चार पावलांवरच होते. पळून जाण्याइतके अंतर उरलेले नसते, तेव्हा ते मागच्या पायांवर उभे राहून समोरच्याच्या चेहऱ्यावर आणि डोक्यावर पंजा चालविते. तक्त्यांतील ‘हल्ला’ या एका शब्दामागे बहुधा हा प्रसंग असतो. माणूस खाण्यासाठी ते आलेले नसते.

त्याचे वर्ष ऋतूंच्या हिशेबाने चालते. हिमप्रदेशातील त्याचे भाऊबंद हिवाळाभर निद्रिस्त असतात, तशी आवश्यकता या उष्ण प्रदेशात नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळ्याच्या तोंडावर नर-मादी एकत्र येतात. थंडीत मादी गुहेत एक किंवा दोन पिल्लांना जन्म देते आणि त्यांचे डोळे उघडून अंगात बळ येईपर्यंत गुहेच्या आश्रयाने राहते. पुढे दोन-अडीच महिन्यांनी ती बाहेर पडते तेव्हा पिल्ले तिच्या पाठीवरील लांब केसांना धरून बसलेली असतात. जगातील अस्वलांच्या आठ जातींपैकी पिल्लांना अशा रीतीने नित्य पाठीवर वाहणारी ही एकच. थंडीत बोरे, वसंतात मोहफुले, ग्रीष्मात टेंभुर्णी आणि बहाव्याच्या शेंगा, मृगाच्या सुमारास जांभळे, जेव्हा सापडेल तेव्हा मध, आणि फळांचा हंगाम नसेल तेव्हा पुन्हा वारुळे, असे हे आवर्तन आहे. खाल्लेल्या फळांच्या बिया ते आपल्या विष्ठेतून दूरवर पसरविते. म्हणजे ज्या वनावर ते जगते त्याच्या लागवडीचे कामही तेच करते, आणि हे काम कोणत्याही वनखात्याच्या अंदाजपत्रकात धरलेले नाही.

या सर्व अन्नांत मोहाचे स्थान वेगळे आहे, कारण त्यावर माणसाचाही तितकाच हक्क आहे. फाल्गुन-चैत्रात मोहाची पाने झडतात आणि रसरशीत, गोड, पिवळसर फुले रात्रीच्या उत्तरार्धात टपटप गळू लागतात. सूर्य वर आला की ती सुकू लागतात, गुरे आणि हरणे त्यांवर तोंड टाकतात. म्हणून वेचणाऱ्याला झुंजुमुंजू होण्यापूर्वीच झाडाखाली पोहोचावे लागते. वाळविलेली मोहफुले गोंड, कोलाम, परधान आणि आंध कुटुंबांच्या घरी सणासुदीचे पेय होत, त्याचप्रमाणे टंचाईच्या दिवसांत प्रत्यक्ष अन्न होत. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन भीषण दुष्काळांत रानमेव्याने किती घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या असतील, याची कल्पनाच केलेली बरी. अस्वलही मोहाखाली नेमके त्याच पहाटेच्या प्रहरी येते. मोहफुले खाऊन ते झिंगते, ही लोककथा मनोरंजक असली तरी ताजी फुले मादक नसतात. ती आंबविल्यावरच मद्य होते. एकाच झाडाखाली एकाच घटकेला दोन भुकेल्या जीवांनी यावे, आणि अंधारामुळे त्यांना एकमेकांची चाहूल उशिरा लागावी, एवढीच त्या संघर्षाची खरी कथा आहे.

यावर जुन्या लोकांनी काढलेला तोडगा शस्त्राचा नव्हता, रीतीचा होता. मोह वेचायला एकट्याने जाऊ नये, जाताना बोलत, खाकरत, काठी आपटीत जावे, झाडाखाली काही काळे हलताना दिसले तर थांबून त्याला पोटभर खाऊ द्यावे, गुहांच्या बाजूने पाणवठ्यावर जाऊ नये. हे नियम कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात लिहिलेले नव्हते, परंतु त्यांचा पाया अस्वलाच्या दिनचर्येच्या अचूक निरीक्षणावर होता. या रीतींना श्रद्धेचेही पाठबळ होते. गणेशचतुर्थीस चुकून चंद्र पाहिल्याचा दोष निवारण्यासाठी जे स्यमंतक मण्याचे आख्यान मराठी घरांतून वाचले जाते, त्यात अस्वलांचा राजा जांबवान हा गुहेत राहणारा, बालकाला मणी खेळायला देणारा गृहस्थ आहे, पुढे श्रीकृष्णाचा श्वशुर झालेला आहे. ज्याला पुराणाने सोयरा मानले त्याला उपद्रवी मानायला इनामाचा सरकारी जाहीरनामा यावा लागला.

इनामाच्या या पद्धतीत वाघाला अधिक भाव होता आणि अस्वलाला कमी. परंतु मारण्यास ते सोपे असल्यामुळे त्याचा संहारही सहज होई. साहेबांच्या शिकारीत वाघासाठी हाकारा घातला जाई आणि वाघ न निघाल्यास अस्वलावर बंदूक चाले. वऱ्हाड १९०३ मध्ये मध्य प्रांताच्या कारभाराला जोडले गेले. त्या प्रांतातील वनाधिकारी डनबार ब्रँडर यांनी १९२३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आणि त्यांच्या आधी स्टर्नडेल, फोर्साइथ प्रभृतींनी या प्राण्याविषयी लिहिले आहे. त्या लेखनाचे मोल कमी नाही. तथापि हाकाऱ्याने उठविलेले, ढोलताशांनी भ्यालेले आणि बहुधा जखमी झालेले अस्वल पाहून त्याच्या स्वभावाविषयी जो निष्कर्ष काढावा, तो जप्तीच्या दिवशी पाहिलेल्या शेतकऱ्याच्या स्वभावाविषयी काढलेल्या निष्कर्षाइतकाच विश्वसनीय असणार. युरोपच्या विद्वानांची तर सुरुवातच गैरसमजाने झाली होती: जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १७९१ मध्ये लांब नखे आणि पुढच्या दातांचा अभाव पाहून आपल्या अस्वलाला दक्षिण अमेरिकेतील झाडाला लोंबकळणाऱ्या एका मंदगती प्राण्याच्या गणात घातले, आणि ते अस्वलच आहे हे मागाहून उमगले.

दफ्तर आणि पायवाट यांच्या जोडीला अस्वलाशी संबंध असलेला तिसरा एक धंदा होता, आणि मराठी वाचकांच्या आधीच्या पिढ्यांनी अस्वल पाहिले ते बहुतेक त्याच धंद्याच्या कृपेने. दरवेशी डमरू वाजवीत आठवडी बाजारात शिरे, त्याच्या हातातील दोरीच्या टोकाला काळे केसाळ अस्वल असे, आणि क्षणात रिंगण जमे. अस्वल दोन पायांवर नाचे, सलाम करी, कुस्ती खेळे. भ्यालेल्या अथवा आजारी मुलाला त्याच्या पाठीवर बसविले की पीडा जाते, त्याचा केस ताइतात घालून गळ्यात बांधला की दृष्ट लागत नाही, असा समज असल्यामुळे माता आपण होऊन पुढे येत आणि दरवेश्याच्या पदरात पैसा, पीठ, जुने कपडे पडत. या करमणुकीच्या मुळाशी जे होते ते रिंगणातील प्रेक्षकाला दिसत नसे. पिल्लू मिळविण्यासाठी गुहेवर पाळत ठेवावी लागे, मादीला चुकवावे किंवा मारावे लागे; मग तापलेल्या सळईने पिल्लाचे नाकाड टोचून त्यात दोरी ओवीत आणि पुष्कळदा त्याचे दातही काढीत. ज्या नाकावर त्याची सारी उपजीविका, त्याच नाकात वेदनेची दोरी! रात्री हिंडणाऱ्या प्राण्याला दुपारच्या उन्हात डांबरी रस्त्यांवरून चालविले जाई, आणि त्याने वेदनेने पाय उचलले म्हणजे लोक त्याला नृत्य म्हणत. दरवेशीही सुखवस्तू नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या फिरस्तीवर असलेल्या कलंदर समाजातील त्या माणसाच्या पोटाला दुसरा आधार नव्हता, आणि घरातील पोरांबरोबर वाढविलेल्या त्या जनावरावर त्याची मायाही असे. दोघेही एकाच दोरीने बांधलेले होते, एवढे म्हटले की त्या धंद्याचा न्याय होतो.

स्वातंत्र्यानंतर कायद्याची दृष्टी हळूहळू पालटली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीवर बंधन आणले, आणि अस्वल त्या अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, स्थान पावले. १९९८ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचनेद्वारे अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि सिंह यांना खेळासाठी शिकविण्यास व त्यांचे प्रदर्शन करण्यास मनाई केली. परंतु मनाईने धंदा थांबतो, पोट थांबत नाही. म्हणून काही प्राणिमित्र संस्थांनी कलंदर कुटुंबांना पर्यायी रोजगार देऊन अस्वले ताब्यात घेण्याचा मार्ग धरला, सहाशेहून अधिक अस्वले अशा रीतीने सुटली आणि २००९ च्या अखेरीस नाचणाऱ्या अस्वलांची ही शतकानुशतकांची प्रथा संपुष्टात आल्याचे जाहीर झाले. मनाईच्याच सुमारास, म्हणजे गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात, यवतमाळ जिल्ह्यात दोन अभयारण्ये आकारास आली: पांढरकवड्याजवळचे टिपेश्वर, ज्याचे क्षेत्र सुमारे १४८ चौरस किलोमीटर आहे, आणि उमरखेड तालुक्यात पैनगंगेच्या काठचे पैनगंगा अभयारण्य. इनामाच्या रकान्यातून अस्वल संरक्षणाच्या रकान्यात आले. परंतु रकान्यातच राहिले.

कारण संरक्षित प्राण्यांतही मानमरातब असतो. चीनच्या सिचुआन प्रांतातील डोंगरांत राहणारा पांडा हा अस्वलाचाच सगोत्र. आर्मां दाविद नावाच्या फ्रेंच धर्मोपदेशकाने १८६९ मध्ये त्याची ओळख युरोपला करून दिली, आणि तो खरोखर अस्वल आहे की नाही हा वाद पुढे शतकाहून अधिक काळ चालून अखेर अस्वलाच्या बाजूने निकालात निघाला. दिवसातून दहा-बारा तास बसून बारा ते अडतीस किलो बांबू खाणारा, एकटा राहणारा, मनगटाच्या एका हाडाचा अंगठ्यासारखा उपयोग करणारा हा प्राणी १९६१ मध्ये जागतिक निसर्गसंरक्षणाच्या एका मोठ्या संस्थेचे बोधचिन्ह झाला. त्याच्या दर घासाची, दर निद्रेची आणि दर जन्माची नोंद होते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या गणनेत रानातील त्याची संख्या १,८६४ अशी शेवटच्या आकड्यापर्यंत सांगितली गेली. आपल्या अस्वलाची संख्या मात्र वीस हजारांहून कमी असावी, अशा अदमासानेच सांगावी लागते. गंमत अशी की आंतरराष्ट्रीय सूचीत आज हे दोघेही ‘असुरक्षित’ या एकाच वर्गात आहेत. एकाचा चेहरा मुलांच्या खेळण्यावर आहे, दुसऱ्याची बातमी येते ती कोणी जखमी झाल्यावर. खुद्द यवतमाळात २०१८ साली राळेगाव-पांढरकवडा भागातील एका वाघिणीचे प्रकरण देशभर गाजले, न्यायालयापर्यंत गेले. अस्वलाच्या वाट्याला अशी कीर्तीही नाही आणि असा वादही नाही.

हा मत्सराचा विषय नव्हे, कारभाराचा आहे. पांड्याचे संरक्षण करता आले ते त्याच्या दिनचर्येचा अभ्यास झाला म्हणून. बांबूचे कोणते बन केव्हा वठते, मादी कोणत्या ढोलीत विते, हे कळल्यावरच राखीव क्षेत्रांच्या सीमा ठरल्या. यवतमाळात आज अस्वलाने कोणास जखमी केले की वनरक्षक येतो, पंचनामा होतो, वैद्यकीय दाखला जोडला जातो आणि यथाकाळ नुकसानभरपाई मिळते. हे योग्यच आहे. पण त्या पंचनाम्यात घटनेची वेळ, जवळचा मोह, जवळचे वारूळ, वाऱ्याची दिशा आणि मादीबरोबर पिल्ले होती काय, हे तपशील आले तर दहा वर्षांत त्या कागदांतूनच जिल्ह्यातील अस्वलांचा एक नकाशा उभा राहील. ‘सूर्योदयापूर्वी रानात जाऊ नये’ अशी सूचना देणे सोपे आहे. परंतु फुले सूर्योदयापूर्वीच गळतात आणि दिवस वर आल्यावर त्यांतली अर्धी गुरांच्या पोटात जातात, हे ज्याला ठाऊक आहे तो अशी सूचना देऊन समाधान मानणार नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर ग्रामसभांचा हक्क मान्य केला आहे. झाडाखाली जाळे बांधून फुले धुळीपासून आणि गुरांपासून वाचविणे, टोळीने जाणे, गुहांच्या कुशीतले काही मोह अस्वलासाठी सोडून गावाजवळचे आपल्याकडे ठेवणे, असे ठराव ग्रामसभा करू शकते. आणि ते करताना तिला कोणा परक्या तज्ज्ञाची आवश्यकता नाही, आपल्याच आज्यांना विचारले म्हणजे पुरे.

दीडशे वर्षांच्या या कारभाराने अस्वलाला आधी गुन्हेगार आणि मग आश्रित ठरविले. दोन्ही वेळा त्याची चौकशी न करताच निकाल दिला. ज्या रानाची वाटणी इजारदाराने आणि वनखात्याने जमीन मोजून केली, त्याच रानाची वाटणी मोह वेचणाऱ्या स्त्रिया आणि अस्वल हे प्रहर मोजून करीत आले होते. जमिनीची वाटणी आता बदलणे कठीण आहे. प्रहरांची वाटणी मात्र आजही आपल्या हाती आहे, आणि तिचे नियम ज्यांच्या जवळ आहेत त्या वृद्धा हयात असेपर्यंतच ते दफ्तरात उतरवून घेण्याची मुदत आहे.